सुगंधाताईंची उघाडी

प्रतिभाचा फोन मी तीनदा कापला. एका महाविद्यालयाच्या सभागृहात एकांकिकांची प्राथमिक फेरी चालू होती, मी परीक्षकांच्या टेबलामागे बसलो होतो, रंगमंचावर दोन मुलं कुठल्याशा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर एकमेकांशी भांडत होती आणि टेबलावर उलटा ठेवलेला माझा मोबाइल गुरगुरत होता. पहिल्यांदा नाव पाहिलं तेव्हा वाटलं, तिच्या आईने, सुगंधाताईंनी, करायला लावला असणार. दुसऱ्यांदा वैतागलो. तिसऱ्यांदा मोबाइल बंदच करून टाकला. दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात चहाचा कप हातात घेऊन उलट फोन केला, तर ती अगदी सावकाश म्हणाली, "काका, आई गेली. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. आता नेतोय. यायचं असेल तर निघा." मी गुणांचे कागद तसेच टाकून निघालो. पण नायगावच्या पूर्वेला, खाडीकडच्या त्यांच्या गावात पोहोचेपर्यंत माणसं स्मशानातून परतायला लागली होती. दारात बायका बसल्या होत्या. कोणीतरी मला पाण्याचा तांब्या दिला. कोणीतरी म्हणालं, हे ते नाटकवाले सर... आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात एकही नाटक मी पूर्ण पाहू शकलेलो नाही. पंधरा-वीस मिनिटं होतात, मग पाय आपोआप दाराकडे वळतात. घरीही तेच. आमची गिरीजला केळीची आणि नारळाची वाडी आहे, तिथे संध्याकाळी पाटाच्या कडेने फेऱ्या मारत राहतो, आणि बायको ओट्यावरून विचारते की काही हरवलंय का. या पुरवणीसाठी लिहितो असं कबूल करून तीन आठवडे झाले. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा जे लिहिलं ते गोड झालं. ताई किती साध्या होत्या, किती कष्टाळू होत्या वगैरे. खोटं नव्हतं त्यात काही. पण मला जे लिहायचं होतं ते तेवढं नव्हतं.

सुगंधा पाटील हे नाव फारच थोड्या वाचकांच्या कानावरून गेलं असेल. 'उघाडी' हे नाटक मात्र काहींनी पाहिलं असेल, स्पर्धेत किंवा नंतर कुठे. त्या नाटकावर लेखक म्हणून नाव माझं आहे. तेव्हा हा लेख जितका त्यांच्याविषयी आहे तितकाच त्या नावाविषयीही आहे.

आमची मंडळी हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी वसईच्या बाजारात दुकान सांभाळणारा, आणि मी विमा कंपनीत. तालमीला जागा मिळणं हे आमच्याकडे नाटक लिहिण्याहून अवघड. सांडोरला एका ओळखीच्यांच्या वाडीत पत्र्याची शेड होती, तिथे काही वर्षं निघाली. मग ती शेड पाडली गेली, आणि एका मित्राने सातिवलीतला आपला गाळा संध्याकाळी सहानंतर वापरायला दिला. दिवसा तिथे पुठ्ठ्याची खोकी बनत. आम्ही जायचो तेव्हा बायका सुटत असायच्या, जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे पडलेले असायचे आणि सगळीकडे खळीचा वास असायचा. त्या बायकांपैकी एक, पन्नाशीला टेकलेली, आवरण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळायची. झाडू हातात, पण नजर आमच्याकडे. आम्ही तिला तिथे राहू देत होतो, कारण गाळ्याची चावी तिच्याकडे असे.

एका संध्याकाळी नळावरच्या भांडणाचा प्रसंग चालू होता. माझ्या दोन्ही अभिनेत्री कमरेवर हंडे घेऊन एकमेकींवर ओरडत होत्या, मी खूश होतो, आणि मागून हसण्याचा आवाज आला. मोठ्याने नव्हे, पण आला. मी वळून जरा तिरकसपणे विचारलं की काय चुकलं. ती बाई झाडायची थांबली. मग म्हणाली, "भांडान असा नाय होत. बाय आदी हंडा खाली ठेवतं." मी म्हटलं, दाखवा. तिने झाडू भिंतीला टेकवला, पुढे आली, एकीच्या कमरेवरचा हंडा घेतला आणि काही न बोलता तो खाली ठेवला. इतका हळू, इतका जपून ठेवला, की समोरची मुलगी दोन पावलं मागे सरकली. एक शब्द उच्चारला गेला नव्हता, पण भांडण सुरू झालं होतं.

मी त्यांना तिथेच विचारलं की काम कराल का. त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते. नवरा जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, म्हणजे घरी विचारायचं ते बारावीत शिकणाऱ्या मुलीला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी, प्रतिभा, कॉलेजची बॅग घेऊन आली, एका खोक्यावर हाताची घडी घालून तासभर बसली आणि आमची सगळ्यांची तपासणी केली. शेवटी मला विचारलं की तालीम नक्की किती वाजता सुटते आणि आईला घरी कोण सोडणार. उत्तरं पटली असावीत. जाताना म्हणाली, "आईला वाचता येतं, पण वेळ लागतो. संवाद मी म्हणून घेईन." आणि तिने खरंच घेतले. आई भाकऱ्या थापायची, ही शेजारी बसून वाचायची, आणि दोन दिवसांत त्यांचं पाठ होऊन आमच्यातल्या पदवीधरांचं व्हायचं बाकी असे.

त्यांना रंगमंचावर एका जागी बसवणं मला कधी जमलं नाही. मी खडूने जागा आखून द्यायचो, त्या तिथे उभ्या राहायच्या, आणि पुढच्या वाक्याला भलतीकडेच असायच्या. खुर्ची दिली तर खुर्चीची पाठ धरून उभ्या. एकदा मी वैतागून विचारलं की ताई, या प्रसंगात ही बाई दमून आलीय, मग बसत का नाही? त्या म्हणाल्या की दमलेली बाई घरात आल्यावर बसत नाही, बसली तर परत उठवत नाही, म्हणून आधी सगळं उरकते. मी ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा वहीत लिहून घ्यायची फार सवय होती...

त्या सुमारास नायगावकडे मालिकांचे स्टुडिओ वाढत चालले होते. आमच्यातले दोघं-तिघं तिथे लागले, आणि कोणाच्या तरी ओळखीने ताईही गर्दीतल्या बायकांमध्ये जाऊ लागल्या. गावातली बाई, देवळातली बाई, लग्नातली बाई. एकदा त्यांना दोन वाक्यं मिळाली. आम्हाला पेढे वाटून झाले. ती वाक्यं खेडवळ भाषेत लिहिलेली होती, म्हणजे लिहिणाऱ्याला जी खेडवळ वाटते त्या भाषेत. ताईंनी तिथल्या साहाय्यकाला सरळपणे विचारलं की हे कुठल्या गावचं बोलणं आहे, म्हणजे मला तसं बोलता येईल. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण लोक हसले, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ती दोन वाक्यं दुसऱ्या बाईला मिळाली. ही हकिकत त्यांनी आम्हाला नकला करून सांगितली, आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी मला एकट्याला गाठून विचारलं, की सर, तुम्ही तुमच्या आईशी कसं बोलता? मी म्हटलं, आता असंच, हे बोलतोय तसं. त्या म्हणाल्या, "आन् आदी?" आधी म्हणजे लहानपणी आमच्या वाडीत आमची बोली होतीच. शाळेत तिला हसले, मी ती टाकली. आई जाईपर्यंत माझ्याशी त्याच बोलीत बोलायची आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायचो. हे मी ताईंना सांगितलं नाही. मी घड्याळात पाहिलं आणि उशीर झाला म्हणालो.

'उघाडी'ची गोष्ट मला मिळाली ती एका पावसाळ्यात. तालमीला माणसं पोहोचायची नाहीत, गाळ्यात आम्ही दोघंतिघंच असायचो, आणि ताई बोलायच्या. खाडीकाठच्या त्यांच्या भातशेतीविषयी, बांधाविषयी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असतो, आणि त्या बांधात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने बंद होते. तीत एखादी काटकी अडकली तरी झडप लागत नाही, खारं पाणी आत येतं आणि शेत दोन-तीन वर्षं हातचं जातं. म्हणून प्रत्येक भरतीच्या आधी कोणीतरी जाऊन बघून यायचं. त्यांच्या घरात ते काम सासूचं होतं. आणि मग ती जमीन गेली, इमारतींसाठी. नवऱ्याच्या भावांनी आधी सह्या केल्या, सासू महिनाभर अडून बसली आणि अखेर एका दुपारी तिनेही केली. ताई तिच्या शेजारी उभ्या होत्या. सासूने सही कशी अक्षर अक्षर जोडून केली, सगळं त्यांनी सांगितलं, आणि मी सगळं वहीत उतरवलं.

त्यानंतर दीड महिन्यात मी नाटक लिहिलं. शेवटच्या प्रवेशात म्हातारी कागदावर सही करते, खाटेवर बसते आणि बसूनच राहते... हळूहळू काळोख. मला तो शेवट फार आवडला होता. वाचनाच्या दिवशी मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई दाराजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. सगळे बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "यातली बाय बसलेय कला?" ती का बसते ते मी त्यांना, प्रतीक वगैरे म्हणत, समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

मग भूमिकेचा प्रश्न आला. ताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं की म्हातारी मी करू का. असं त्यांनी पूर्वी कधीच काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं की संवाद फार लांब आहेत, स्पर्धेचं नाटक आहे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. खरं कारण वेगळं होतं. केतकी तयार झाली होती. केतकी तेव्हा एका मालिकेत रोज दिसत होती, तिच्या नावावर तिकिटं जाणार होती, आणि परीक्षकांचं लक्ष जाणार होतं. बत्तीस वर्षांची केतकी सत्तर वर्षांची म्हातारी करणार आणि ताईंनी तिला बोली शिकवायची, असं मी ठरवलं आणि ते ताईंना अशा स्वरात सांगितलं की जणू बढतीच देतोय. त्या हो म्हणाल्या. दोन महिने केतकी त्यांच्या घरी जात होती. तिला बोलायला, चालायला, विळीवर बसायला, पदर खोचायला त्यांनी शिकवलं. केतकीनेही मन लावून शिकून घेतलं, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. नाटकाला बक्षीस मिळालं, केतकीला मिळालं, लेखनाचं मला मिळालं. मी मंचावर गेलो आणि आभार मानले. गाळा देणाऱ्या मित्राचे, प्रकाशयोजनेचे, बायकोचे, परीक्षकांचे. खाली आलो तेव्हा केतकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, ताईंचं नाव राहिलं." मी वळून पाहिलं. ताई नेपथ्याची खाट टेम्पोत चढवायला मदत करत होत्या. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. जाहिरातीत होतंच की त्यांचं नाव, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत, 'भाषा साहाय्य' म्हणून.

पुढे वर्षभराने त्यांच्याच गावच्या शाळेच्या मदतीसाठी आम्ही 'उघाडी'चा प्रयोग लावला. शाळेच्या पटांगणात मांडव, संध्याकाळी सातची वेळ. चार वाजता केतकीचा फोन आला, चित्रीकरण संपत नाहीये, मला सोडत नाहीत. ती रडत होती. मी प्रयोग रद्द करायचं ठरवलं आणि मुख्याध्यापकांकडे निघालो. ताई वाटेत आडव्या आल्या. म्हणाल्या, "मना सगला येतं." मी म्हटलं, अहो, दीड तासाची भूमिका आहे. त्या म्हणाल्या, येतं. माझ्याकडे दुसरा काही इलाज नव्हता.

तो प्रयोग मी विंगेत उभा राहून पाहिला. पहिली दहा मिनिटं मी त्यांच्या चुका शोधत होतो. नंतर विसरलो. त्या बोलत होत्या ते माझेच संवाद होते, पण मला ते नव्याने ऐकू येत होते, कारण त्यात मी चुकवलेले शब्द त्यांनी गुपचूप दुरुस्त केले होते. शेवटचा प्रवेश आला. त्यांनी सही केली. आता बसायचं होतं. प्रकाशयोजना सांभाळणारा काळोख करायला हात लावून तयार होता. ताई उभ्याच राहिल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, कोपऱ्यातला कंदील उचलला, खाटेला वळसा घातला आणि मंचाच्या पायऱ्या उतरून थेट प्रेक्षकांतून चालू लागल्या. मंचावर बसलेला नट, जो नाटकात म्हातारीचा मुलगा होता, तो गोंधळून त्याच्या मनाने म्हणाला, "आय, कुटं चाललीस?" ताई न थांबता म्हणाल्या, "उघाडी बघून येतंव. भरती व्हयाची वेल झाली." त्याने विचारलं की आता कशाला, जमीन इकली ना? तेव्हा मात्र त्या वळल्या. "जमीन इकली म्हनून भरती थांबते काय?" आणि गेल्या. मांडवाच्या टोकाला त्यांचा कंदील दिसेनासा होईपर्यंत कोणी हललं नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका मान वळवून त्या दिशेला बघत होत्या. टाळ्या पडायला इतका वेळ लागला की मला वाटलं, नाटक पडलं.

मी आत जाऊन त्यांच्यावर चिडलो. हे लिहिताना लाज वाटते, पण चिडलो. म्हटलं, नाटकाचा शेवट असा कोणी परस्पर बदलतं का, हे लिहिलेलं नाही. त्या तोंडावरचा रंग पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमी लिवला नाय. पन माज्या सासूनं केलता." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "पुढं काय झाला त्ये तुमी इचारलाच नाय, सर. सासूनं सही केली तवर मी सांगितला, आन् तुमी वही मिटली."

मला गाळ्यातली ती संध्याकाळ आठवली. पाऊस थांबला होता, मला गिरीजला परतायचं होतं, आणि सहीवर माझा शेवट मला सापडला होता. मी वही मिटली होती, हे खरं आहे.

त्यानंतर मी काय केलं, तर तो शेवट नाटकात घेतला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत केतकी कंदील घेऊन प्रेक्षकांतून गेली. त्या शेवटाची फार वाहवा झाली. एका ज्येष्ठ रंगकर्मींनी मला पाठीवर थाप मारून विचारलं की हे सुचलं कसं, आणि मी नम्रपणे हसलो. पुस्तक छापून आलं, त्यावर माझं एकट्याचं नाव. ताईंना एक प्रत दिली, आत 'स्नेहपूर्वक' लिहून. आठवड्याने त्या म्हणाल्या की प्रतिभाने वाचून दाखवलं, चांगलं झालंय. त्यांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी शोधत होतो, राग, निदान नाराजी. ती असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवीतून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, काढून बायकोला दिल्या आणि त्या कशा साफ करायच्या ते सांगू लागल्या.

गेल्या वर्षी अनुजा नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. विरारची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, स्वतःचा कॅमेरा, दोन मित्र, आणि डोक्यात छोटा सिनेमा. तिने लहानपणी शाळेच्या पटांगणातला तो प्रयोग पाहिला होता, मामाच्या गावी आली असताना. तिला 'उघाडी'वर फिल्म करायची होती, आणि म्हातारी म्हणून ताईच हव्या होत्या. आता तर त्यांचं वयही जवळ आलं होतं. फक्त लेखकाची परवानगी हवी होती. अनुजा माझ्याकडे आली, "सर, ॲक्च्युअली बजेट काहीच नाहीये, पण आम्ही मनापासून करू" असं म्हणाली. आणि मी तिला थांबवलं. कारण त्याच वेळी एका मोठ्या निर्मात्याकडच्या माणसाने माझ्याशी फोनवर दोनदा बोलून या नाटकावर वेब मालिका होऊ शकते असं म्हटलं होतं. तिसरा फोन आलाच नाही. पण येईल, येईल म्हणून मी त्या मुलीला आठ महिने लटकवून ठेवलं.

शेवटी ताई स्वतः आल्या. जाण्याच्या तीन आठवडे आधी. दुपारची वेळ, रिक्षाने आल्या होत्या, वाडीच्या फाटकातून चालत येताना मला जरा वाकलेल्या वाटल्या. बायको घरी नव्हती. मी पाणी दिलं, त्या ते उभ्यानेच प्यायल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. केळीवर यंदा रोग आहे का, प्रतिभाचा मुलगा शाळेत जातो का. मग त्या म्हणाल्या की अनुजाच्या कागदावर सही द्या. मी वेब मालिकेचं सांगितलं, एक महिना थांबा म्हटलं. त्या ओट्याच्या खांबाला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी कदी काय मागितला नाय तुमच्याकड. म्हातारीचा काम मागितलवता, तेवराच. त्ये तुमी नाय दिला. ह्ये द्या." मी म्हटलं, पाहू. खरंच हाच शब्द म्हणालो. त्यांनी मान हलवली, फाटकापर्यंत गेल्या, आणि केळीच्या एका खाली झुकलेल्या लोंगराकडे बघून म्हणाल्या की याला टेकू द्या, नाहीतर वाऱ्याने मोडेल. तो टेकू मी दुसऱ्या दिवशी दिला. सही दिली नाही.

तेराव्याला गेलो तेव्हा प्रतिभा मला घरामागच्या अंगणात घेऊन गेली. मला वाटलं, आता ऐकवेल. माझी तयारी होती. ती म्हणाली, "काका, आई शेवटपर्यंत ते संवाद म्हणत होती. मी झोपेत ऐकायचे. फिल्म झाली नाही याचं मला काही नाही, पण तिला वाटायचं की आपल्याला जमलं नसतं म्हणून तुम्ही देत नाही. तेवढं तरी तिला सांगायचं होतंत." जमेल की नाही असा प्रश्न मला पटांगणातल्या त्या संध्याकाळनंतर कधी पडलाच नव्हता, आणि हे त्यांना कळलेलंच असणार असं मी धरून चाललो होतो. त्यांना ते कोण सांगणार होतं? मी तर त्या संध्याकाळी चिडलो होतो.

गेल्या आठवड्यात मी विरारला गेलो. अनुजाची जागा म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, खिडकीला काळं कापड, टेबलावर लॅपटॉप. तिने फिल्मचा विचार सोडला नव्हता. ताईंच्या जागी कोणी घ्यायचं नाही एवढं मात्र तिने ठरवलं होतं, कसं करायचं ते ठरत नव्हतं. मी परवानगीचा कागद मागितला. तो तिने इतके महिने जपून ठेवला होता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्यावर लिहिलं होतं, मूळ कथा आणि नाटक, आणि पुढे माझं नाव. मी तिला दुसरा कागद करायला सांगितला. मूळ कथा आणि शेवट, सुगंधा पाटील. नाट्यलेखन, मी. ती टाइप करायला बसली. प्रिंट खालच्या दुकानात काढायची होती, पण दुकान जेवणासाठी बंद होतं. ते उघडेपर्यंत मी जिना उतरून रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या, मग वर गेलो, मग पुन्हा खाली. सही केली तेव्हा हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीवरही दोन नावं येतील, तसं मी प्रकाशकांना कळवलं आहे, पण पुढची आवृत्ती निघेलच असं काही नाही.

निघताना अनुजा अडखळत म्हणाली की सर, एक दाखवायचं होतं, दाखवू की नको कळत नाही. मागे कधीतरी ती ताईंच्या घरी कॅमेरा घेऊन गेली होती, चेहरा कसा दिसतो ते पाहायला. नऊ मिनिटांची चित्रफीत आहे. ताई एका संवादाचा तुकडा म्हणतात, मधेच साडी नीट करतात, मग चहा ठेवते म्हणून उठून आत जातात. कॅमेरा तसाच चालू राहिलाय. समोर फक्त ती खोली, निळसर भिंत, कॅलेंडर, खिडकीत वाळत घातलेला नातवाचा शर्ट. अनुजाचा आवाज येतो, "ताई, सरांनी सही दिलीच नाही तर?" आतून आधी गॅस पेटवल्याचा आवाज येतो. मग ताईंचा. "देतील. मानूस वाईट नाय. जरा हलू हाय."

आत आलं ठेचल्याचा आवाज येतो, कपबशा वाजतात, खिडकीतला शर्ट वाऱ्याने थोडा हलतो. अनुजाने ती चित्रफीत मला पाठवली आहे. ताई समोर बसलेल्या आहेत तो भाग मी एकदाच पाहिला. त्या आत गेल्यानंतरची खोली मात्र मी रोज बघतो... पूर्ण, शेवटपर्यंत, जागचा न उठता.